हॅलोविनच्या जुन्या स्टिकर्सचा व कागदी सजावटीचा संग्रह

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेले स्टिकर, पुठ्ठ्याची चित्रे, क्रेप पेपर (बारीक सुरकुत्यांचा पातळ कागद) आणि घडीचे कंदील जमवण्याचा छंद. हा माल स्वस्त होता आणि सण उरकला की केरात जाई. आज तो दुर्मीळ आहे, त्याचे मुख्य कारण हेच.

संग्राहकांच्या तोंडी सर्वांत जास्त असते ते डेनिसन कंपनीचे नाव. १८४४ मध्ये दागिन्यांच्या डब्या बनवण्यापासून सुरू झालेला हा उद्योग पुढे मालाला बांधायच्या चिठ्ठ्या, डिंकाची लेबले आणि क्रेप पेपर यांत शिरला. त्याचे मुख्य ठाणे मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथे होते. १९०९ मध्ये कंपनीने ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली. पार्टी कशी करावी, पोशाख कसे शिवावेत याचे धडे तिच्यात होते. खरे तर ती स्वतःचाच कागद खपवण्याची सोय होती, पण जाहिरात इतकी देखणी झाली की आता या पुस्तिकाही हौसेने जमवल्या जातात.

डेनिसनचे स्टिकर छोट्या डब्यांतून मिळत. काळे मांजर, चेटकीण, घुबड, वटवाघूळ, कोरलेला भोपळा अशी आकारानुसार कापलेली चित्रे. मागे वाळलेला डिंक, तो ओला करून पाकिटावर किंवा आमंत्रणावर डकवायचा. त्यामुळे टपाल तिकिटांच्या संग्राहकांप्रमाणे इथेही न भिजलेल्या डिंकाला मोल आहे आणि मूळ डबी असेल तर भाव आणखी चढतो. वापरलेल्या स्टिकरला बाजार कमी लेखतो. हे थोडे अन्यायाचेच, कारण जुन्या आमंत्रणावर चिकटलेले मांजर कोऱ्या मांजरापेक्षा त्या काळाबद्दल जास्त सांगते.

पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्गची बाइस्टल कंपनी मोठ्या सजावटीसाठी ओळखली जाते: सांधे हलणारे सांगाडे, उघडले की फुगणारे जाळीदार टिश्यू कागदाचे भोपळे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीतून आलेली उठावाची पुठ्ठाचित्रे मात्र वेगळ्याच तोलाची. भुवया, दात, मांजराची फुगवलेली पाठ हाताला जाणवते. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले होते; म्हणून ‘जर्मनी’ हा ठसा आधी शोधला जातो.

टाचणीची भोके, चिकटपट्टीचे पिवळे डाग आणि कापलेल्या कडा यांनी किंमत उतरते. दमट हवेत डिंकाचे स्टिकर एकमेकांना चिकटून बसतात, तेव्हा ते कोरड्या जागी, आम्लविरहित कागदात ठेवावे लागतात.

नकलांचा त्रास आहेच. बाइस्टलने स्वतःच आपली जुनी चित्रे पुन्हा छापली आहेत, त्यामुळे नुसत्या चित्रावरून वय ठरत नाही. अंधारात अतिनील दिवा धरून पाहणे ही सोपी परीक्षा. कागद उजळ करणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. ती असलेला कागद या प्रकाशात निळसर चमकतो, जुना सहसा मंदच राहतो.