जबड्यातील सिस्टच्या शस्त्रक्रियेत पीआरएफ

पीआरएफ म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) भरपूर असलेला फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचा, गोळा. तो रुग्णाच्याच रक्तापासून करतात. ही पद्धत फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये मांडली. सिस्ट (हाडातली द्रवाची पिशवी) काढल्यावर हाडात राहिलेल्या पोकळीत हा गोळा भरतात. त्यातून वाढीचे घटक आठवडाभर हळूहळू झिरपतात.

दंडाच्या शिरेतून 10 मिलीच्या साध्या काचेच्या नळ्यांत रक्त घेतात. रक्त गोठू न देणारे औषध नळीत नको. घाईत जांभळ्या टोपणाची, म्हणजे असे औषध असलेली, नळी उचलली तर गोळा धरतच नाही. मग लगेच सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारे यंत्र: मिनिटाला 2700 फेरे, 12 मिनिटे. मात्र फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या त्रिज्येवर अवलंबून असतो, खरे माप सुमारे 400 जी, म्हणजे गुरुत्वाच्या 400 पट जोर. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. नळी कमी पडली तर पाण्याची लावावी. शिरेतून यंत्रापर्यंत दोन मिनिटांहून जास्त गेली की रक्त नळीतच गोठू लागते आणि गोळा विस्कळीत, लाल रेषांचा उतरतो. म्हणून नळ्या जास्त असतील तर रक्त काढायला एक आणि यंत्राशी एक, अशी दोन माणसे लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा 45 च्या घरात असतो आणि थिएटरात एसी गारठा करतो. त्या गारठ्यात ठेवलेल्या थंड नळ्यांत गोळा लहान उतरतो. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात यंत्र इन्व्हर्टरवरच हवे, कारण मध्येच थांबलेली फेरी वाया गेलीच समजावी.

फेरी संपली की नळीत वर पिवळसर पाणी, मध्ये गोळा, तळाशी लाल पेशी. चिमट्याने गोळा उचलून लाल भाग कात्रीने कापतात, पण सांध्याजवळचा एक-दोन मिलिमीटर लाल पट्टा ठेवतात. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तिथेच दाट असतात. काही गोळे तसेच पोकळीत भरतात, काही हलके दाबून पापुद्रा करतात आणि तो पोकळीच्या तोंडावर पसरून हिरडी शिवतात. टाक्याची रेघ शाबूत हाडावर यावी; पोकळीवर आली तर जखम उघडते.

त्याआधी सिस्टचे अस्तर पूर्ण खरवडून काढलेले असावे. तुकडा राहिला तर कितीही गोळे भरा, सिस्ट परत येते. काढलेले अस्तर 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये तपासणीला पाठवावेच. केराटोसिस्ट (परत येण्याची खोड असलेला सिस्टचा प्रकार) निघाली तर काही वर्षे एक्स-रे काढत राहावे लागते.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) प्रमाण मोठे आहे. तिथल्या रुग्णाची सिकलसेलची चाचणी पूर्ण भूल देण्यापूर्वी झालेली असावी.

टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. तोवर मुगाची पातळ खिचडी. शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा नंतर. तंबाखूचा बार मात्र अजिबात नको. जखम उघडण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

लहान पोकळी पीआरएफशिवायही साध्या रक्ताच्या गुठळीवर भरते. पीआरएफने हिरडी लवकर सांधते, सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रेवर हाड थोडे दाट दिसते. मोठ्या पोकळीत हाडाची भुकटीही मिसळावी लागते.