केळी 'तयार' झाली म्हणजे 'पिकली' असं नाही!

कटिंग सुरू झाली की दरवर्षी आमच्याकडे फोन चालू होतात. आम्ही रावेर तालुक्यातले, घरचीच केळी, त्यामुळे पुण्या-मुंबईचे नातेवाईक म्हणतात पोरांना बाग दाखवायचीय, येऊ का. या म्हणतो, मनापासून म्हणतो. येतात, गाडीतून उतरतात, बागेत चार पावलं जात नाहीत तोच पहिला प्रश्न ठरलेला, "पिवळी केळी कुठंयत?" बागेत पिवळं केळं दिसणार नाही असं सांगितलं की लगेच, "म्हणजे तुम्ही कच्चीच तोडता आणि मग पावडर टाकून पिकवता ना!" हे वाक्य ऐकून ऐकून आता खरंच वीट आलाय, म्हणून एकदाच नीट लिहितोय.

पिकलेलं केळं कसं असतं ते सगळ्यांना माहितीये. पिवळं, मऊ, गोड, घमघमाट. त्यावर वेळ घालवत नाही. सगळा घोळ आहे तो 'तयार' या शब्दाचा.

केळीतून कमळ, म्हणजे फुलोरा, बाहेर पडलं की आम्ही म्हणतो केळ निसवली. तिथून पुढे साधारण तीन-चार महिने घड भरत असतो, थंडीत सापडला तर अजून जास्त. या काळात झाड केळ्यात स्टार्च साठवत जातं. कोवळं केळं हातात घ्या, शाळेतल्या कोपरेवाल्या पेन्सिलीसारख्या धारा बोटाला लागतात. जसजसं केळं भरत जातं तशा धारा बुजतात, केळं गोल होतं, गडद हिरवा रंग जरा उजळतो आणि टोकाला वाळलेलं काळं फूल असतं ते नुसता हात लागला तरी गळून पडतं. हे झालं तयार केळं. आमचे आप्पा मधल्या फणीतल्या एका केळ्यावर अंगठा फिरवतात, बघत पण नाहीत घडाकडे, आणि सांगतात हा आज काप, तो चार दिवस राहू दे. माल लांब जाणार असेल तर धारा थोड्या शिल्लक असतानाच कापतात, जवळच्या मार्केटला जायचा असेल तर अजून भरू देतात.

म्हणजे हिरवं केळं दोन प्रकारचं असतं, हे लक्षात घ्या. एक कोवळं, जे अजून भरलेलंच नाही, ते कापलं तर नंतर कसंही पिकवा, बेचव आणि चिवट लागणार, आणि तसं कापणाऱ्याला मी पण नावं ठेवतो. दुसरं तयार, ज्याचं झाडावरचं काम संपलंय. दोन्ही हिरवीच, दोन्हीला लोक 'कच्चं' म्हणतात आणि तिथूनच सगळा गैरसमज सुरू होतो.

पिकणं हे वेगळंच काम आहे आणि त्याला झाड लागत नाही. तयार केळं स्वतःच इथिलीन नावाचा गॅस सोडतं, त्या गॅसने आतला स्टार्च फुटून साखर होते. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर जेमतेम एखादा टक्का उरतो. मग झाडावरच का पिकू देत नाही, हा पुढचा प्रश्न. पिकतं ना, एखादा घड राहून गेला की पिकतो. पण साल तडकते, वरची फणी पिवळी तर खालची हिरवीच, तडकलेल्या जागेत मुंग्या, रात्री वटवाघळं, आणि गर पिठूळ. 'झाडावर पिकलेलं तेच खरं' हे केळीला लागू होत नाही, मी दोन्ही खाल्लीयत म्हणून सांगतोय.

आता पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. त्याच्यावर बंदी आहे, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलंय, आणि बरोबरच आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ओलावा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, साल पिवळी करतो पण आत केळं कडकच. कोणी वापरत असेल तर त्याच्यावर कारवाई व्हायलाच पाहिजे. पण रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायची खोली, म्हणजे पावडर नव्हे! तिथे बंद खोलीत १६ ते १८ डिग्रीला साधारण एक दिवस इथिलीन सोडतात, जास्तीत जास्त १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांना, परवानगी आहे, आणि हा तोच गॅस आहे जो केळं स्वतः सोडतं. फायदा एवढाच की सगळा माल एकदम, सारखा पिकतो. चार-पाच दिवसांत दुकानात.

सगळ्या फळांचं असं नसतं बरं का, आणि बागेत जायचं असेल तर हे आधी माहिती पाहिजे. मोसंबी, डाळिंब, ही तोडल्यावर पुढे पिकत नाहीत. इथे तयार आणि पिकलेलं एकच, झाडाखाली उभं राहून खायचं असेल तर अशा बागेत जा, त्याच्यासारखं सुख नाही. आंबा आणि सीताफळ केळीच्या बाजूचे. गावरान आंब्याला पाड लागला, म्हणजे एखाद-दुसरा आंबा झाडावरच पिकून पडायला लागला, की झाड तयार, मग उतरवून पिकत घालायचा, आणि आमच्याकडे कित्येक घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला लावत नाहीत. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या फटी पिवळसर दिसल्या की तोडायचं, घरात दोन-चार दिवसात मऊ.

 

एक मात्र हात जोडून सांगतो. उभ्या घडातलं एकेक केळं ओढून तोडू नका. केळीच्या एका खांबाला, म्हणजे एका खोडाला, आयुष्यात एकच घड लागतो, त्याच्यावर वर्षभर पाणी-खत घातलेलं असतं. मागच्या वर्षी एका ग्रुपने फोटोसाठी सात-आठ घडातली केळी ओढून काढली, चीक खालच्या फण्यांवर ओघळला, काळे डाग पडले आणि ते सगळे घड पॅकिंगवाल्याने बाजूला काढले. आप्पा त्यांना एक शब्द बोलले नाहीत, पाहुणे होते ना, पण त्या दिवशी जेवले पण नाहीत नीट. चीक कपड्यावर पडला तरी डाग जात नाही, म्हणून चांगले कपडे घालून येऊ नका.

यायचं असेल तर सकाळी लवकर या, कापणी तेव्हाच चालते. माणसं घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणतात, फण्या सुट्या करतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, एक्सपोर्टचा माल असेल तर तिथेच खोके भरतात, ते बघण्यासारखं आहे. आणि जाताना एक हिरवी फणी मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. घरी कागदात गुंडाळून एखाद्या पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा, फ्रिजमध्ये अजिबात नको, थंडीने साल काळी पडते आणि पिकणं थांबतं. हवेप्रमाणे चार-सहा दिवस लागतील. मला स्वतःला देठाजवळ थोडं हिरवं असतानाच आवडतं, आईला मात्र सालीवर काळे ठिपके पडल्याशिवाय केळं गोडच लागत नाही.