शो फाइलचा बॅकअप

रंगमंचावरील दिवे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवण्याच्या खास यंत्रावर, प्रकाशयोजनाकाराने केलेले काम ज्या फाइलमध्ये साठते, ती शो फाइल. तिची प्रत वेगळ्या जागी जपणे म्हणजे बॅकअप. त्या प्रतीतून काम पुन्हा उभे करणे म्हणजे रिस्टोअर. कोणता दिवा कोणत्या पत्त्यावर आहे याची नोंद, म्हणजे पॅच, शिवाय दिव्यांचे ग्रुप, रंगांची आणि दिशांची पॅलेट (पुन्हा पुन्हा वापरायच्या ठरावीक नोंदी), क्यू (ठरलेल्या क्षणी करायचे प्रकाशाचे बदल), फेड टाइम (तो बदल व्हायला लागणारा वेळ), कोणत्या फेडरवर, म्हणजे सरकत्या दांडीवर, काय बसवले आहे, हे सगळे शो फाइलमध्ये असते. १९८६ साली आलेल्या डीएमएक्स५१२ या दिव्यांना आज्ञा पाठवण्याच्या मानकानुसार तारेतून फक्त आकडे जातात : एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे चॅनलांच्या एका संचात, ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५ मधील एक आकडा. नाटक कोणते, प्रवेश कोणता, हे दिव्याच्या गावीही नसते. म्हणून फाइल गेली की दिवे शाबूत असूनही प्रयोगाचा प्रकाश गेलेला असतो.

शो फाइल ठेवली म्हणजे सगळे ठेवले, हा समज मात्र चुकीचा आहे. क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते. त्याची क्यूएक्सडब्ल्यू फाइल एक्सएमएल मजकुराचीच असते. पण वापरणाऱ्याने स्वतः बनवलेली दिव्यांची व्याख्या, म्हणजे फिक्स्चर फाइल, वेगळ्या फोल्डरमध्ये राहते आणि संगीताच्या फाइलींचा नुसता पत्ता नोंदला जातो. भाड्याने मिळणारे बिननावाचे एलईडी पार (स्थिर रंगीत दिवे) आणि शार्पी (अरुंद झोताचे फिरते दिवे) सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीत बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे हाताने बनवलेल्या व्याख्यांवाचून चालत नाही. त्या दुसऱ्या लॅपटॉपवर नसल्या, तर सॉफ्टवेअर त्या दिव्याला सर्वसाधारण चॅनलांचा गठ्ठा समजते. कॉपी करायची तर सगळे एकत्र करावे.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची. ग्रँडएमए२ या कन्सोलमध्ये नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला शो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. एका कंपनीची शो फाइल दुसरीच्या कन्सोलवर सहसा चालतही नाही. फाइलच्या नावात तारखेबरोबर आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची सवय असलेले ऑपरेटर थोडे, आणि तेच सुखी.

मराठवाड्यात ही बाब जास्त जाणवते, कारण नाट्यसंस्थेची फाइल स्वतःची आणि यंत्रणा लाइटवाल्याची, असा मामला असतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून निवडलेले नाटक अंतिम फेरीला दुसऱ्या गावी जाते. छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात लावलेले दिशांचे आकडे नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात लागू पडत नाहीत. दिवे टांगण्याच्या बारची उंची आणि रंगमंचाची खोली बदलली की मूव्हिंग हेडचा, म्हणजे फिरत्या दिव्याचा, झोत नटाऐवजी विंगेवर पडतो. फाइल अगदी बिनचूक रिस्टोअर होते आणि प्रकाश चुकतो. क्यूमध्ये थेट आकडे न भरता दिशांची पॅलेट वापरली असेल, तर नव्या ठिकाणी तेवढी पॅलेट दुरुस्त केली की त्यांवर बेतलेले सगळे क्यू सुधारतात. बॅकअपचे खरे काम असे प्रोग्रामिंगच्या वेळीच सुरू होते. दिवेच वेगळे असतील तर पॅच नवा करावा लागतो. ग्रँडएमए२ मध्ये जुन्या शोमधील हवा तेवढाच भाग आत घेण्याचीही सोय आहे.

वीज हा आणखी एक प्रश्न. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगाव यात्रेतल्यासारख्या उघड्यावरच्या कार्यक्रमांत वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद बॅटरी नसलेल्या कन्सोलवरचे सेव्ह न केलेले काम पुसून टाकायला पुरेसे असतात. तिथे यूपीएस हवाच. प्रत्येक प्रवेशाचे प्रोग्रामिंग झाले की नव्या नावाने सेव्ह करावे. त्याच फाइलवर सेव्ह करत राहिले, तर चुकीचा बदल बरोबर कामाला खाऊन टाकतो. जुने कन्सोल बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात, हे प्रयोगाच्या आधी तपासावे. व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर फाइल झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर एकदा उघडून पाहिल्याशिवाय तो झाला असे धरू नये.

पॅच आणि क्यू शीट कागदावरही ठेवतात. क्यूचा क्रमांक, ज्या संवादावर तो द्यायचा त्याचे शेवटचे शब्द आणि चॅनलांची टक्केवारी लिहिलेली असली, की दिव्यांची तीव्रता हाताने कमीजास्त करणाऱ्या साध्या डिमर बोर्डावरही नाटक निभावते. मूव्हिंग हेडचे मात्र कागदावरून फारसे काही साधत नाही.