शेजाऱ्यांचा कुत्रा आणि डेझर्टेशनचं इंग्रजी

व्याकरणाच्या पेपरात 'हॅज' आणि 'हॅव'च्या रिकाम्या जागा अचूक भरणारी मुलगी एमएच्या डेझर्टेशनमध्ये, म्हणजे प्रबंधात, खुशाल लिहून जाते, 'द इन्कम ऑफ द फार्मर्स हॅव इन्क्रीज्ड'. गाइड लाल पेनाने गोल करतात, ग्रामर कच्चं आहे म्हणतात. पण इन्कम एकवचनी आहे हे तिला विचारून तर बघा, झोपेतही सांगेल.

खरी गोची वर्किंग मेमरीची आहे, म्हणजे डोक्यात या क्षणी जेवढं धरून ठेवता येतं तेवढं. ही जागा फारच चिमुकली. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार साधारण चारच गोष्टी मावतात. आणि लिहिताना त्यात कोंबायचं काय काय, तर मुद्दा, मागचं वाक्य, कुणाचा रेफरन्स, योग्य शब्द, स्पेलिंग, 'द' लावायचा की नाही... मराठीत यातलं बरंचसं आपोआप होतं, इंग्रजीत एकेकाकडे लक्ष द्यावं लागतं.

यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग फ्रान्समधला, मिशेल फायोल आणि सहकाऱ्यांचा, १९९४ चा. 'शेजाऱ्यांचा कुत्रा येतो' अशा धर्तीची फ्रेंच वाक्यं (फ्रेंचमध्ये क्रम 'कुत्रा शेजाऱ्यांचा येतो' असा) ऐकवायची आणि लिहायला सांगायचं, बस. फ्रेंचमध्ये अशा क्रियापदांचं एकवचन-अनेकवचन ऐकायला सारखंच, फरक फक्त स्पेलिंगमध्ये, म्हणजे कानाची मदत शून्य. नुसतं लिहायचं असेल तर लोक नीट लिहायचे. पण सोबत काही शब्द लक्षात ठेवायला दिले की चांगली शिकलीसवरलेली, जन्मापासून फ्रेंच बोलणारी माणसंही क्रियापद कुत्र्याऐवजी शेजाऱ्यांशी जुळवायला लागली! नियम माहीत होताच, पण मागे जाऊन कर्ता तपासायला डोक्यात जागाच उरली नाही, मग क्रियापद शेजारच्या नामाला चिकटलं.

आता आपल्या मुलीचं वाक्य बघा. मराठीत 'शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं', उत्पन्न क्रियापदाला खेटून बसलेलं. इंग्रजीत मधे फार्मर्स येऊन बसतात, आणि हा सापळा मराठीत तिला एवढा कधी लागलेलाच नसतो.

त्यामुळे '३० दिवसांत फाडफाड इंग्लिश'वाले क्लास आणि स्मरणशक्तीची सिरपं, दोन्हींवर पैसे घालवू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांबद्दल दाखवलं होतं की बोलण्यापुरतं इंग्रजी दोनेक वर्षांत येतं, अभ्यासाच्या इंग्रजीला मात्र ५ ते ७ वर्षं लागतात, आणि ती मुलं तर दिवसभर इंग्रजीतच बुडालेली.

मग करायचं काय? ओझं वाटून घ्यायचं. मुद्दे जुळवताना ग्रामर बघायचं नाही, आणि नंतर एक फेरी फक्त कर्ता-क्रियापदासाठी मारायची. आधी मराठीत लिहिलं तर गाइड नाक मुरडतात, पण जपानी विद्यार्थ्यांवरच्या १९९२ च्या अभ्यासात आधी जपानीत लिहून मग इंग्रजी केलेले निबंध सरस ठरले होते, आणि हा फायदा इंग्रजी कच्चं असलेल्यांना जास्त झाला, पक्कं असलेल्यांना फारसा नाही.