टीव्ही बसला, आता चित्र बसवू या

नवा टीव्ही भिंतीवर लागला की लगेच बघायला सुरुवात होते आणि कारखान्यातून आलेलं सेटिंग वर्षानुवर्षं तसंच राहतं. आमची मनापासून विनंती आहे, एका संध्याकाळी अर्धा तास काढा. रोज टीव्ही बघता त्याच वेळी, खोलीत तेवढाच उजेड ठेवून बसा.

सगळ्यात आधी पिक्चर मोड. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हे मोड दुकानाच्या लखलखाटात नजर खेचायला ठीक. घरात त्यांनी चेहरे भडक आणि पांढरा रंग निळसर दिसतो. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा. चित्र पिवळट वाटेल, पण लगेच माघारी फिरू नका. चित्रपटांचे रंग ज्या पडद्यांवर ठरवतात, तिथला पांढरा साधारण ६५०० केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे प्रकाश पिवळट की निळसर ते सांगणारं माप). ‘वॉर्म’ टोन त्याच्या जवळ जातो. दोन-चार दिवसांत डोळे सरावतात.

‘ब्राइटनेस’ या नावाने पुष्कळांची फसगत होते. बऱ्याच टीव्हींवर त्याने काळा रंग किती काळा ते ठरतं; पडद्याचा उजेड ‘बॅकलाइट’ने वाढतो. काहींवर मात्र ‘ब्राइटनेस’ म्हणजेच उजेड असतो आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं. रात्रीचा एखादा प्रसंग थांबवून काळ्या केसांकडे बघा. केस राखाडी दिसले तर काळ्याचा हा आकडा जास्त झाला, बटा एकमेकींत मिसळून नुसता काळा गोळा झाला तर कमी. कॉन्ट्रास्ट पांढऱ्या शर्टावर लावा: चुण्या आणि बटणं दिसेनाशी होण्याआधी थांबायचं.

शार्पनेस बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त असतो. बातम्यांच्या पट्टीवरच्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसते ना? ती जाईपर्यंत कमी करा. शार्पनेसने नवा तपशील येत नाही, फक्त कडा गडद होतात.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ‘मोशन स्मूदिंग’ चालू असेल तर मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः तयार करतो आणि चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आमच्या मते चित्रपटासाठी ते बंदच ठेवावं. खेळ बघताना तुमची आवड.

बऱ्याच टीव्हींवर सेटॉप बॉक्स, टीव्हीतली अ‍ॅप आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) यांची सेटिंग वेगवेगळी साठवली जातात, म्हणून प्रत्येक ठिकाणी एकदा तपासा. आणि हात लावण्याआधी जुन्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.