‘सन ऑफ काँग’मधले पिल्लू म्हणजे वेषातला माणूस नव्हे

‘किंग काँग’ हा महाकाय वानराचा चित्रपट १९३३च्या वसंतात झळकला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात घाईघाईने पडद्यावर आलेल्या ‘सन ऑफ काँग’ या हलक्याफुलक्या उत्तरभागाने त्या वानराचे पांढऱ्या केसांचे पिल्लू प्रेक्षकांसमोर आणले. या दोन्ही वानरांच्या कातड्याआड कुणी नट वावरत होता, ही समजूत आजही ऐकू येते. ती चुकीची आहे.

दोन्ही चित्रपटांचे विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या विलिस ओब्रायन यांच्या चमूने धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि केसाळ कातडे अशी जेमतेम दीड फुटाची बाहुली घडवली होती. ती केसभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, असे पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस वेळा करावे लागे. मोठ्या काँगच्या अंगावरचे केस विनाकारण सळसळताना दिसतात, ती वाऱ्याची झुळूक नसून बाहुली हलवणाऱ्यांच्या बोटांची खूण आहे, आणि माझ्या मते याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. पिल्लाच्या दुखऱ्या बोटाला चित्रपटाचा नायक डेनहॅम पट्टी बांधतो तेव्हा मात्र जवळून दिसणारा पंजा मोठ्या आकारात वेगळा बनवलेला होता. पण त्याच्या आतही नट नव्हता.