जुना ट्यूनर कुठल्या गावचा?

जुना एफएम ट्यूनर, म्हणजे फक्त रेडिओ स्टेशन पकडणारी पेटी, घ्यायला निघालेला माणूस आधी कंपनीचं नाव बघतो, मग रुपेरी दर्शनी पट्टी आणि डायलचा उजेड. खरं तर विचारायला हवं ते हे की हा कुठल्या देशासाठी आणि साधारण कधी बनला. ट्यूनरमधली बहुतेक करामत ही त्या काळच्या, त्या हवेतल्या एखाद्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

पहिली अडचण खरखरीची. वीज चमकली किंवा शेजारची मोटर सुरू झाली की लहरीची उंची बिघडते आणि जुना रेडिओ तेच ऐकवतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने उंचीऐवजी वारंवारतेतल्या बदलावर आवाज स्वार केला; हेच एफएम. त्याची पेटंटं 26 डिसेंबर 1933ची. अमेरिकेत व्यावसायिक एफएम 1941मध्ये 42 ते 50 मेगाहर्ट्झवर सुरू झालं, आणि 1945मध्ये सरकारी आयोगाने ते वरच्या पट्टीत ढकललं. आधी विकलेले सेट निकामी झाले. पेटंटच्या खटल्यांनी पोळलेल्या आर्मस्ट्राँगने 1954मध्ये आयुष्य संपवलं. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, खटले चालूच ठेवले आणि शेवटचा 1967मध्ये जिंकला.

आज आपण ऐकतो ती 88 ते 108ची पट्टी त्याच ढकलाढकलीतून आली. जपानने मात्र 76 ते 90 ही पट्टी घेतली. त्यामुळे जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला, आरशासारखा लखलखीत ट्यूनर मुंबईत जवळजवळ मुका बसतो, कारण इथली खासगी स्टेशनं 91.1पासून पुढे. डायलवरचा शेवटचा आकडा वाचायला पैसे पडत नाहीत.

1 जून 1961 रोजी अमेरिकेत स्टीरिओ प्रसारण सुरू झालं. डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी पाठवायची, वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे सोबतच्या दुय्यम लहरीवर, चढवायची आणि 19 किलोहर्ट्झचा बारीक सूर खूण म्हणून सोबत द्यायचा. युक्ती फारच सुंदर, पण कमकुवत स्टेशन स्टीरिओत हिसहिसतं. म्हणून छपरावरचे एरियल आले आणि जाहिरातींत संवेदनशीलतेच्या आकड्यांची शर्यत लागली.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतली हवा गजबजली. शेजारच्या शहरातलं स्टेशन अवघ्या 0.2 मेगाहर्ट्झवर येऊन बसू लागलं, तेव्हा स्टेशन निवडणाऱ्या गँग कंडेन्सरचे कप्पे वाढले आणि शेजारची स्टेशनं गाळणारे 10.7 मेगाहर्ट्झचे सिरॅमिक फिल्टर एकापुढे एक लागले. मॅकिंटॉश कंपनीच्या एमआर-78 ट्यूनरवर तर अरुंदपणाच्या तीन पायऱ्या होत्या. पण गाळणी जितकी अरुंद, तितका आवाज पिळवटतो. मुंबईत एकाच शहरातली स्टेशनं साधारण 0.8 मेगाहर्ट्झ अंतराने आहेत. त्या अरुंदपणासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला तरी पटत नाही. आपल्याकडचा खरा उपद्रव टॉवरांवर आपटून उशिरा येणाऱ्या लहरींचा. मॅरांट्झ 10बी या ट्यूनरच्या दर्शनी भागात छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे लहरींची रेघ दाखवणारा पडदा, होता तो हेही दाखवायचा: एरियल फिरवायचा आणि पडद्यावरची रेघ सुधारते का ते बघायचं.

पुढे क्वार्ट्झचे आकडेवाले ट्यूनर आले. स्टेशन सरकण्याची कटकट संपली, पण अमेरिकेसाठी बनलेले कित्येक ट्यूनर 0.2च्या उड्या मारतात आणि फक्त विषम दशांशांवर (.1, .3, .5 असे) थांबतात. मुंबईतलं 104.0 त्यांना नेमकं सापडत नाही. काट्याच्या डायलला असली अट नसते. शिवाय स्टेशनने चढवून पाठवलेले उंच सूर ट्यूनरमध्ये पुन्हा उतरवले जातात, अमेरिकेत 75 मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने, भारतात आणि युरोपात 50च्या. तिकडचा ट्यूनर इथे किंचित दबका वाजतो. वर त्याला 120 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो तो वेगळाच.

भारतात एफएम आलं ते 23 जुलै 1977 रोजी, मद्रासला. मुंबईत खासगी कार्यक्रमांना वेळ मिळाला 1993मध्ये. म्हणजे जपानी कारखाने आपलं उत्तम काम करत होते तेव्हा महाराष्ट्रात त्यांच्या ट्यूनरना पकडायला फारसं काही नव्हतंच. आखातातून नोकरदारांनी आणलेल्या रिसीव्हरवर एफएमचं बटण असायचं, कॅसेट मात्र रोज वाजायची. तोच माल आता जुन्या बाजारात येतो: पट्टी 108पर्यंत, मागे व्होल्टेज निवडायची चकती, आणि एफएमची बाजू फारशी न वापरलेली. मी आधी तिकडेच शोधेन.